बघून सांगणारं माणूस

मास्तरांच्या वर्गात शिव्या चालायच्या. स्वतः मास्तरच त्यात पटाईत होते. उशीरही एखाद्या वेळी खपून जायचा. एकच गोष्ट अजिबात चालायची नाही, ती म्हणजे ‘असेल’. करंट बंद असेल, वायर सुटी असेल, कुणीतरी बघितलं असेल, असं कुणी बोललं की मास्तर हातातलं काम टाकून त्याच्यापुढे येऊन उभे राहायचे.

“चपला घालूनच आत यायचं,” पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, “पण ‘असेल’ दाराबाहेर काढून ठेवायचा. आहे की नाही, तेवढं सांगा. आणि बघून सांगा.”

वायरमनच्या हाताखाली उमेदवारी करायची तर आधी हे काही महिन्यांचं शिक्षण पुरं करावं लागे. वर्गात बहुतेक सगळी नुकतीच शाळा सोडलेली पोरं होती आणि त्यांच्यात ही एक, चाळिशी ओलांडलेली, नाकावर चष्मा, हातात कापडी पिशवी. ती पहिल्यांदा दारात आली तेव्हा दोन मुलं बाई आल्या समजून उठून उभी राहिली होती. तीही इतकी गांगरली की ‘बसा, बसा’ म्हणाली. त्यावर वर्ग जो हसला, तो पुढे आठवडाभर हसतच होता.

आधी ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. कारखाना बंद पडला आणि सोबतच्या बायकांनी घरी मशीन टाकून ब्लाउज-परकर शिवायला घेतले. हिला मात्र कारखान्यात मशीन बंद पडलं की दुरुस्तीवाला येऊन ते उघडायचा ते बघायला आवडायचं. आत काय चाललंय हे आपल्याला कळत नाही याची तिला तेव्हापासून रुखरुख होती. घरी तिने हे शिक्षण घेणार म्हणून सांगितलं, तेव्हा माल पोचवायची गाडी चालवणारा नवरा जेवता जेवता म्हणाला, “आता या वयात शॉक खायचे डोहाळे लागले का तुला?” आणि सासूबाई म्हणाल्या, “शिलाईचं काय वाईट होतं? तिथे नुसती सुईच टोचते.” पण अडवलं कुणी नाही. तेवढं तिला पुरेसं वाटलं.

वर्गात तिचं नाव पडलं टेलरताई. त्याला कारण झाला मास्तरांचा आणखी एक नियम. चालू बोर्डवर मीटर लावताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे चुकून दोन्ही हात लागून करंट छातीतून जायला नको. मुलांना खिसे होते. मुलींच्या कपड्यांना खिसे नव्हते, आणि असलेच तर रुमालसुद्धा मावू नये असले. टेलरताईने दोन दिवसांत सगळ्या मुलींच्या अंगरख्यांना मनगटापर्यंत हात जाईल असे खिसे लावून दिले. स्वतःच्या अंगरख्याला तिने कमरेपाशी आतून आणखी एक खिसा शिवला, छोटा, घट्ट, वर चेन असलेला. तो किल्लीसाठी होता.

ही किल्ली म्हणजे या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट, असं मास्तर म्हणायचे. प्रत्येकाला एक लाल कुलूप दिलेलं होतं आणि त्याला अडकवलेल्या पट्टीवर ज्याचं त्याचं छायाचित्र. कुठेही काम करायचं तर आधी मेन स्विच पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्या अंगावर ठेवायची. मग मीटर चालू ठिकाणी लावून मीटर शाबूत आहे हे बघायचं, मग कामाच्या जागी करंट नाही हे बघायचं, मग पुन्हा चालू ठिकाणी लावून मध्येच मीटरने तर मान टाकली नाही ना, हेही बघायचं. त्यानंतर वायरीला हात. आणि कुलूप ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसरी किल्ली नाही. कुलूप लटकतंय याचा अर्थ माणूस आत आहे, मग बाहेर राजा उभा असला तरी स्विच वर होणार नाही.

टेलरताईला ते कुलूप फार आवडलं होतं. तिच्या घरी कपाटाची किल्ली सासूबाईंच्या उशीखाली आणि दाराची नवऱ्याच्या गाडीच्या जुडग्यात असायची. त्यात कुणाचा दुष्टावा नव्हता, ते आपलं तसं पडून गेलं होतं. पण तिच्या एकटीची अशी किल्ली तिला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाली होती.

शिक्षण संपत आलं. शेवटच्या दिवशी एक कंत्राटदार बाई येणार होत्या, परीक्षा घेणार होत्या आणि सगळ्या वर्गातून चारजणांना उमेदवार म्हणून आपल्याकडे घेऊन जाणार होत्या. उमेदवारीला पगार होता, पुढे परवाना होता. बाकीच्यांना पुन्हा वर्षभर वाट बघायची होती. मुलांची वर्षं पुष्कळ शिल्लक होती, टेलरताईची नव्हती. तिला त्या चौघांत यायचं होतं, आणि ते तिला इतकं हवं होतं की तिने ते कुणाला बोलूनही दाखवलं नव्हतं.

आदल्या दिवशी मास्तरांनी तिला खरं काम दिलं. “लाकडी फळ्यावरचे दिवे खूप लावलेस. या हॉलच्या माळ्यावरची वायर जुनी झाली आहे, ती बदल.” तिने हॉलचा मेन पाडला, आपलं कुलूप घातलं, किल्ली आतल्या खिशात टाकून चेन ओढली आणि शिडीने छताखालच्या माळ्यावर चढली. जागा इतकी कमी की पोटावर सरकत जावं लागे. काम नेटकं झालं. तिने खाली उतरून हत्यारं मोजून ठेवली, जमिनीवर पडलेले तारांचे तुकडे झाडून घेतले. मास्तर कचेरीत गेले होते आणि खिडक्यांतून अजून लख्ख ऊन येत होतं. दिवे नाहीत हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

आणि ती बस पकडायला निघून गेली.

कुलूप विसरली असं म्हणणं सोपं आहे, पण ते तितकंसं खरं नाही. दुसऱ्या दिवशीच्या परीक्षेची ती मनातल्या मनात सारखी उजळणी करत होती. काम संपलं, माणसं बाजूला केली, कुलूप काढलं, स्विच वर केला. मनात तिने ते कुलूप दिवसभरात इतक्या वेळा काढलं होतं की प्रत्यक्षात एकदा काढायचं राहून गेलं.

बस वाटेत रखडली. घरी पोचेपर्यंत तिन्हीसांजा झाल्या होत्या. सासूबाई पुढच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही, की “आलीस का?” असंही विचारलं नाही. ती तशीच स्वयंपाकघरात शिरली, कणीक काढायला खाली वाकली, आणि कमरेला काहीतरी टोचलं.

तिने चाचपून बघितलं. किल्ली होती. खिसा इतका बेतशीर शिवला होता की किल्ली दिवसभर अंगाला जाणवलीच नव्हती. काखेत कळसा म्हणतात तसं झालं, फक्त गावाला वळसा तिला आता घालावा लागणार होता. संध्याकाळचा वर्ग आला असणार. हॉलमध्ये अंधार असणार. आणि उद्या सकाळी कंत्राटदार बाई येणार, तेव्हा मास्तर त्यांना काय सांगणार? किल्ली घरी घेऊन जाणाऱ्या बाईला कोण हाताखाली घेईल?

“आई, मी जाऊन येते. किल्ली राहिली माझ्याकडे.”

“किल्लीच ना? उद्या नेऊन दे. रात्रीतून कोण पळवून नेतंय तिला?”

“किल्ली नाही हो पळत. कुलूप तिकडे आहे.”

“मग कुलूप तरी कुठे पळतंय!” सासूबाई म्हणाल्या, आणि एका अर्थी ते बरोबरच होतं. पण टेलरताई तोवर पायऱ्या उतरली होती.

बसमध्ये ती उभीच राहिली, बसायला जागा असून. जाताना ती मनात बोलणं जुळवत होती. चूक झाली मास्तर. घरचं कारण सांगू नये. रडू तर मुळीच नये. वर्गाच्या इमारतीपाशी ती उतरली तेव्हा कचेरीत उजेड होता आणि हॉलच्या बाजूला अंधार होता. त्या अंधारात टॉर्चचे झोत इकडेतिकडे हलत होते, आणि कुणीतरी ओरडत होतं.

“टेलरताई! ओ टेलरताई!”

ती फाटकातच थांबली. दुसरा एक आवाज मागच्या बाजूने आला. “इथे नाहीत! खालच्या वायरींच्या नाल्यात बघितलं का?” मग तिसरा, बारीक, मुलीचा, “ताई, ऐकू येतंय का? नुसतं ठोका तरी कशावर!” संध्याकाळच्या वर्गातली ही माणसं तिला ओळखतही नव्हती. त्यांनी तिला पाहिलं होतं ते कुलपावरच्या बोटभर छायाचित्रात.

तिला आधी कळलंच नाही की हे काय चाललंय. मग कळलं, पण तिने लगेच ओ दिली नाही. तिला शोधायला म्हणून कुणी असं रान उठवलेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. लहानपणी लपाछपीतसुद्धा तिला शोधायचं राहून गेलं आणि बाकीचे जेवायला निघून गेले, असंच व्हायचं. ती तिथे उभी राहून आणखी दोन हाका ऐकत राहिली. याची तिला नंतर फार लाज वाटली, पण ऐकल्या हे खरं.

“मी इथे आहे,” ती शेवटी म्हणाली. “बाहेर आहे मी.”

हॉलमध्ये शिडी लावलेली होती आणि छताच्या चौकोनातून मास्तरांचे पाय लोंबत होते. निवृत्तीला टेकलेला, पोट सुटलेला माणूस पोटावर सरकत माळ्याच्या त्या टोकापर्यंत जाऊन आला होता. ते खाली उतरले तेव्हा केसांत जळमटं होती आणि सदरा कोपरापाशी फाटला होता. त्यांनी टॉर्च तिच्या तोंडावर मारला, बघितलं, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून घेतलं. आता शिव्यांचा पाऊस पडणार म्हणून तिने मान खाली घातली. पण मास्तरांना दमच लागला होता.

“काढ कुलूप,” ते म्हणाले.

तिने ते काढलं. मास्तरांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं, आत कोण म्हणून विचारलं, प्रत्येकाकडून ‘मी बाहेर’ म्हणवून घेतलं आणि तिलाच स्विच वर करायला लावला. दिवे लागले. माळ्यावरची नवी वायर पहिल्या फटक्यात चालली, पण ते बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

“मास्तर, पक्कड होती की मोठी,” ती म्हणाली. “कापून टाकायचं होतं कुलूप. मी घरी गेले होते.”

“ते तुला माहीत होतं. मला काय माहीत?” मास्तर म्हणाले. “संध्याकाळचा वर्ग आला, दिवे लागेनात, तेव्हाच अर्जावर नंबर होता तिथे फोन केला; तुझ्याकडे तर फोन नाही. तुझा नवरा बोलला, गाडी चालवत होता. म्हणाला, असेल घरी, कुठे जाणार? म्हटलं, बघून सांगा. त्याने घरी फोन लावला, परत मला सांगितलं, आई म्हणते, असेल स्वयंपाकघरात. मी विचारलं, त्यांनी बघितलं का? तर म्हणतो, बघायचं काय त्यात, असेलच की.”

ते सदऱ्यावरची धूळ झटकत राहिले. “असेलवर मी कुलूप कापत नाही.”

तिने हिशेब केला. फोन गेला त्या वेळी ती स्वयंपाकघरात नव्हती. ती रखडलेल्या बसमध्ये दांड्याला धरून उभी होती. म्हणजे घरी तिच्या नावाचं जे कोणी स्वयंपाकघरात होतं, ते ती नव्हती. तो नुसता अंदाज होता, आणि तिच्याऐवजी त्या अंदाजावर घर मजेत चाललं होतं. तिला राग आला नाही. रागापेक्षा वेगळं, आत खोल कुठेतरी थंड काहीतरी वाटलं.

“उद्या बाईंना मी हे सांगणार,” मास्तर म्हणाले. “लपवणार नाही.”

“सांगा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार बाई आल्या. ठेंगण्या, पांढरे केस कानापर्यंत कापलेले, आवाज रस्त्यापलीकडे जाईल असा. त्यांनी प्रत्येकाचं काम बघितलं, कमी बोलल्या. टेलरताईचे हात आज चुकले नाहीत. शेवटी त्यांनी तिला बाजूला बोलावलं; मास्तर तिथेच उभे होते.

“काम चांगलं आहे तुमचं,” बाई म्हणाल्या. “कालचंही कळलं. असली चूक माणूस एकदा करतं. दुसऱ्यांदा केलीत तर मी ठेवणार नाही, हे आत्ताच सांगते. पण मला अडचण दुसरीच आहे.”

टेलरताईने मास्तरांकडे बघितलं.

“माझी कामं मोठाल्या इमारतींत असतात. कुलूप लटकतंय आणि माणूस दिसत नाही असं झालं की मी सगळं काम थांबवते. शोधते. घरी फोन करते. तिकडून मला ‘असेल’ ऐकू आलं तर मी काय करू? किती वेळ अंधारात शोधू? मला माझ्या प्रत्येक माणसामागे एक असं माणूस लागतं, जे उठून बघेल आणि सांगेल. आहे, नाहीतर नाही. असा एक नंबर मला सोमवारच्या आत द्या. नाही दिलात तर मी पाचव्या नंबरच्या मुलाला घेईन. वाईट वाटून घेऊ नका.”

बसमध्ये ती त्या एका नंबराचा विचार करत बसली. नवरा दिवसभर रस्त्यावर. मुलगा शिकायला दुसऱ्या गावी. शेजारीण सकाळी दुकानात जाते ती रात्री येते. एवढी वर्षं संसार केला, माणसं जोडली, लग्नकार्यांत राबली, आणि आपण कुठे आहोत हे उठून बघणारं एक माणूस सापडू नये? तिने चष्मा काढून पुसला. शेजारचा प्रवासी बघतोय असं वाटून तो पुन्हा घातला.

रात्री जेवताना तिने सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, कुणाला दोष दिला नाही. जसं झालं तसं, फाटकातल्या हाकांसकट. नवऱ्याचा घास हातात राहिला.

“माझाच नंबर दे की,” तो म्हणाला. “आता मला माहीत झालं ना. मी सांगेन.”

“काय सांगशील?”

“हेच, की तू...” तो थांबला. त्याला खोटं बोलता येत नसे, हा त्याचा गुण होता. “मी गाडीवर असतो गं. मी कुठून बघणार?”

“तेच तर.”

मग सासूबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“फोनवर मीच म्हटलं ते,” त्या म्हणाल्या. “असेल आत, म्हणून. जाहिराती चालू होत्या, मालिका पण नव्हती. तरी उठले नाही. गुडघे...” आणि त्यांनी स्वतःच हात झटकला. “गुडघ्यांचं काय, देवाघरी जाईपर्यंत दुखणारच आहेत. माझा नंबर दे.”

“आई, उठावं लागेल. खरंच बघावं लागेल.”

“ऐकलं मी. बहिरी नाही झाले अजून.”

नंबर गेला. कंत्राटदार बाई असेलवर चालणाऱ्यातल्या नव्हत्या, त्यामुळे रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सासूबाईंचा फोन वाजला. टेलरताई गॅसपुढे उभी होती. तिने ऐकलं.

“कोण? हां, हां. कुठे आहे विचारताय?” सासूबाईंच्या आवाजात ‘असेल’ यायच्या बेतात होता, टेलरताईला तो जवळजवळ ऐकूच आला. मग त्या म्हणाल्या, “थांबा. बघून सांगते.”

खुर्ची करकरली. काठी फरशीवर टेकली, घसरली, पुन्हा टेकली. पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघर ते काय लांब, लहान मूल एका दमात धावून येईल. सासूबाईंना भिंतीला हात लावत, मध्ये थांबत, ‘आई गं’ करत यायला भरपूर वेळ लागत होता. ‘आहे हो मी इथे, तुम्ही बसा,’ हे वाक्य टेलरताईच्या अगदी ओठांवर आलं. इतकी वर्षं ती हेच करत आली होती, कुणाला उठावं लागू नये म्हणून आधीच ओ देत. या खेपेला तिने ते गिळलं आणि पळी धरून गप्प उभी राहिली. काठी जवळ येत गेली.

सासूबाई दारात आल्या. चौकटीला टेकून त्यांनी श्वास घेतला आणि सुनेकडे बघितलं, नीट, पायांपासून वरपर्यंत, जणू तिला कुणी आजच घरात आणून सोडलं होतं. मग त्यांनी फोन कानाला लावला.

“आहे,” त्या म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांपुढे उभी आहे. गॅसपाशी. एका हातात पळी आहे, दुसरा हात खिशात घातलाय, का घातलाय ते विचारू नका.”

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. सासूबाईंनी पुन्हा एकदा बघून घेतलं.

“हो, हो, ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “रडतेय. पण आहे.”